फिर्याद आणि तक्रार

श्रोतेहो, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की आमचे मंद्रूप येते. इकडे सीना, तिकडे भीमा आणि पलीकडे कानडी मुलूख. बांधावरून किंवा वाटणीवरून तंटा झाला की चार जाणती माणसे पारावर बसतात आणि ही म्हण एकदा तरी म्हटली जाते. जमिनीच्या तंट्यात ती शहाणपणाची असेलही, कारण तिथे दोन्ही बाजूंना बोलायला तोंड असते. पण ज्या गुन्ह्यात एका बाजूला तोंड उघडण्याचीच लाज वाटायला लावली जाते, तिथे हीच म्हण गुन्हेगाराची वकील होते. ही म्हण एकदा मीही उच्चारली आहे. ती कधी आणि कशी, ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास पाहू.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द कुठून आले याची मला खोड आहे. पोलीस ठाण्यात आपण रोज वापरतो ते शब्द बहुतेक फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'फिर्याद' हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ आरोळी, मदतीसाठी फोडलेला टाहो. 'तक्रार' हा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, म्हणजे तेच ते पुन्हा सांगणे. 'कायदा' म्हणजे पाया. 'अंमल' म्हणजे कृती. आणि 'अब्रू' म्हणजे चेहऱ्याचे पाणी. हे पाच शब्द शेजारी शेजारी ठेवले तर स्त्रियांवरील अत्याचारांच्या कायद्याची सगळी कहाणी त्यांत सापडते. स्त्री आरोळी ठोकते, मग तिला तेच ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पाया घातलेला असतो, पण कृती होत नाही. आणि या सगळ्यात पाणी उतरते ते तिच्याच चेहऱ्याचे.

असे का होते? अब्रू कुणाची मानली गेली, हे त्यासाठी पाहावे लागते. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, शिलाहारांच्या काळापासूनचे काही दगड सापडतात. त्यांना गधेगाळ म्हणतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली एक शापचित्र. जो हे दान मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा त्या चित्राचा अर्थ. अभ्यासक हे दगड लिपीसाठी आणि भाषेसाठी वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट साध्या डोळ्यांनाही दिसते. दान मोडणार पुरुष आणि शिक्षा त्याच्या आईला. पुरुषाला जरब बसावी म्हणून त्याच्या घरातल्या बाईचे शरीर पुढे केलेले आहे. आजही भांडणात पहिली शिवी आईवरून येते. तो दगड आपल्या तोंडात अजून शाबूत आहे.

याच्या उलट टोकाला एक कागद आहे. १६४६च्या सुमाराचा. शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे. खेडेबारे तर्फेतल्या रांझे गावच्या पाटलाकडून 'बदअमल' झाला, म्हणजे त्याने बायकांशी वाईट वर्तन केले, असे कानावर आले. पाटलाला आणवले, चौकशी झाली, गुन्हा खरा ठरला, पाटीलकी जप्त झाली आणि त्याचे हातपाय तोडण्यात आले. हा प्रसंग आपण सगळे सांगतो. कुठेही अत्याचार झाला की सभेत कुणीतरी उठतो आणि म्हणतो, रांझ्याच्या पाटलासारखे हातपाय तोडा. पण त्या कागदातले दुसरे दोन मुद्दे आपण वाचत नाही. पहिला, आरोपी सत्तेतला माणूस होता. गावाचा पाटील म्हणजे त्या काळचे पोलीस ठाणेच, आणि तरी तक्रार त्याला ओलांडून वर पोचली. दुसरा, शिक्षेआधी चौकशी झाली आणि ती लवकर झाली. शिक्षा तीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वीची होती. तशी आज कुणी देऊ नये. पण तक्रार वर पोचणे आणि तिचा तड लागणे, या दोन गोष्टी आजही घेण्यासारख्या आहेत. आपण नेमकी उलट निवड केली. हातपाय तोडण्याची भाषा घेतली आणि चौकशी सोडून दिली.

इंग्रजांचा दंडविधान १८६० साली आला आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाला. त्यात बलात्काराचे कलम ३७६ होते, विनयभंगाचे ३५४ होते आणि स्त्रीच्या खासगीपणात घुसखोरी करणाऱ्यासाठी ५०९ होते. म्हणजे न्हाणीत डोकावणाऱ्याला पकडायची सोय १८६०पासूनच कागदावर होती. संमतीचे वय मात्र अवघे दहा वर्षे धरले होते. १८९०च्या सुमारास बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने दगावली. ती दहाच्या वर होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. त्यानंतर १८९१मध्ये संमतीचे वय बारा करण्यात आले. त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले ते आपण शाळेत वाचले आहे. आगरकर, रानडे, भांडारकर एका बाजूला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे म्हणणारे टिळक दुसऱ्या बाजूला. वाद गाजला, कायदा झाला. पण बारा वर्षांच्या आतली मुलगी नवऱ्याविरुद्ध फिर्याद द्यायला जाणार कशी? घराच्या उंबऱ्याच्या आत कायद्याचा पाय पडलाच नाही. सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आजच्या नव्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार मानली जात नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता या सगळ्याच्या मध्यभागी असलेल्या घटनेकडे येतो. ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातले, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज. लोक त्याला वडसा म्हणतात. तारीख २६ मार्च १९७२. एक आदिवासी मुलगी. आईबाप नाहीत, भावाबरोबर राहते, मजुरी करते. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. तिचे नाव सगळ्या कायद्याच्या पुस्तकांत छापलेले आहे, पण मी ते घेणार नाही. ती ज्या घरी कामाला जाई, तिथल्या एका तरुणाशी तिचे जमले होते. भावाला ते पसंत नव्हते. त्याने ठाण्यात जाऊन बहिणीला पळवल्याची तक्रार दिली. सगळ्यांना ठाण्यावर बोलावून जबाब घेतले गेले. रात्री साडेदहाच्या सुमारास हेड कॉन्स्टेबल जेवायला घरी गेले आणि मंडळी निघाली. तेव्हा ठाण्यातल्या दोन पोलिसांनी मुलीला आत थांबवले आणि बाकीच्यांना बाहेर काढले. दिवे गेले, दार बंद झाले. एका पोलिसाने मागच्या बाजूला नेऊन आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची फिर्याद होती. बाहेर तिची माणसे ओरडत होती. गर्दी जमली. चौकी पेटवून देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कुठे फिर्याद लिहिली गेली.

म्हणजे पहिली आरोळी कागदावर यायला जमाव लागला. हे ध्यानात ठेवा. पुढे पुन्हा लागणार आहे.

१ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुलगी सोळाच्या आतली असल्याचे सिद्ध झाले नाही, ती खोटे बोलते, तिला शरीरसंबंधांची सवय होती, तेव्हा हा बलात्कार नव्हे, असा त्या निकालाचा सूर होता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. अनोळखी पोलिसांच्या ताब्यात सापडलेल्या मुलीने निमूट सोसले याचा अर्थ तिने संमती दिली असा होत नाही, असे म्हणून एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो खटला ओळखला जातो. १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघेही निर्दोष सुटले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा आरडाओरड केल्याची गोष्ट रचलेली आहे, असे न्यायालयाने मानले.

फिर्याद म्हणजे आरोळी, हे मघाशी मी सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलीला सांगितले की तुझी आरोळी आम्हाला ऐकू आलेली नाही.

एक वर्ष काही झाले नाही. मग सप्टेंबर १९७९मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापक-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. भीतीने वश होणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, हा साधा फरक न्यायालयाने कसा विसरला, असे त्यांनी विचारले. लग्नाआधी एका तरुणावर प्रेम करणारी मुलगी कोणाही पोलिसाला मोकळी झाली का, असेही विचारले. मुंबईत, दिल्लीत, पुण्यात बायका रस्त्यावर आल्या. नागपुरात सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. ८ मार्च १९८०च्या महिला दिनी खटला पुन्हा उघडण्याची मागणी झाली. खटला उघडला नाही, पण कायदा बदलला. १९८३च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतल्या, सरकारी नोकराच्या ताब्यातल्या बलात्काराला किमान दहा वर्षे शिक्षा आली. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्री 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असे ठरले. सुनावणी बंद दाराआड घेण्याचे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला.

यातली विसंगती पाहा. नाव छापू नका असे सांगणारा कायदा जिच्यामुळे आला, तिचेच नाव सर्वतोमुखी झाले. म्हणून मी ते घेतले नाही. आणि तिला स्वतःला काय मिळाले? नवा कायदा जुन्या गुन्ह्याला लागत नाही. सुटलेले सुटलेच.

१९८३नंतरही उलटतपासणीत स्त्रीचे चारित्र्य उगाळण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात राहिली. ती काढायला २००२ साल संपावे लागले. वैद्यकीय तपासणीतली ती कुप्रसिद्ध दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये चुकीची ठरवली. तरी ती चालूच राहिली, म्हणून २०२२मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करणे हे गैरवर्तन समजले जाईल. एकच गोष्ट नऊ वर्षांनी पुन्हा सांगावी लागते, याला अंमलबजावणीतला दोष म्हणतात.

दरम्यान कॅमेरा आला. १९९४मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीला आले. मुलींना फसवून त्यांची छायाचित्रे काढायची आणि त्या छायाचित्रांच्या धाकावर त्यांना छळत राहायचे, असा तो प्रकार होता. विशेष तपास झाला, पण पुढे येऊन साक्ष द्यायला मुली आणि त्यांची घरे धजावेनात. अनेक खटल्यांत आरोपी सुटले. तेव्हा छायाचित्र धुवायला स्टुडिओ तरी लागत होता. आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २००९पासून कुणाच्या उघड्या शरीराचे चोरून चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला. नुसती शिक्षा वाढवून भागणार नाही, यंत्रणा सुधारा, हा त्यातला मोठा भाग होता. २०१३च्या कायद्याने चोरून पाहणे आणि पाठलाग करणे यांना स्वतंत्र कलमे दिली. बलात्कार, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षे कैद, असेही कलम आले. १ जुलै २०२४पासून हे सारे नव्या न्याय संहितेत आले आहे. चोरून पाहण्याचे कलम आता ७७.

कागद भक्कम आहे. पण त्याच्या आतल्या फटी पाहा. चोरून पाहण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षे कैद आहे, पण तो जामीनपात्र आहे. मुलगा संध्याकाळी सुटून त्याच गल्लीत, त्याच पानपट्टीवर येऊन बसतो. मोबाइल ताबडतोब जप्त झाला नाही, रीतसर पंचनामा झाला नाही, तर पुरावा एका बोटाने पुसला जातो. खटला चार-पाच वर्षांनी उभा राहतो. तोवर मुलीचे लग्न झालेले असते आणि सासरच्यांना काही सांगितलेले नसते. ती साक्षीला येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार बलात्काराच्या निकाल लागलेल्या शंभर खटल्यांत सुमारे सत्तावीस खटल्यांत शिक्षा झाली. हे बलात्काराचे. न्हाणीत डोकावणाऱ्याचे काय होत असेल, ते तुम्हीच ताडा.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. कोवळ्या मुलींच्या पालकांना फिर्याद नोंदवून घ्यावी म्हणून ठाण्यात तासन्तास बसून राहावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा यंत्रणा हलली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन या दिरंगाईबद्दल पोलिसांना फटकारले. देसाईगंजची गर्दी आणि बदलापूरची गर्दी यांच्यात बावन्न वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा यंत्रणा हलायला जमाव लागला. पुढे महिनाभरात तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्याच गोळीने मारला गेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. मला त्या पेढ्यांची भीती वाटते. खटला चालला असता तर फिर्याद का लिहिली नाही, कोण कुणाला वाचवत होते, हेही साक्षीत आले असते. गोळीने ते सारे झाकले. देसाईगंजच्या मुलीला ज्यांच्यापासून धोका झाला ती कोठडीच होती, हे विसरून आपण कोठडीलाच न्यायाधीश करतो.

कडक शिक्षेचा मोहही असाच. डिसेंबर २०२१मध्ये आपल्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले. त्यात फाशीची तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते लागू झाले नाही. पण लागू झाले असते तरी ठाण्यातला पहिला कागद कुणी लिहिला असता? शिक्षा जितकी मोठी, तितका न्यायाधीश पुरावा बारीक पाहतो आणि पाहायलाच हवा. पहिला जबाब नीट नसेल, तपासणी वेळेवर नसेल, तर फाशीचे कलम आरोपीच्या उपयोगी पडते. गुन्हेगाराला फाशीचे भय कमी वाटते, पकडले जाण्याचे जास्त वाटते.

आता माझी गोष्ट. २०१२ची. माझ्या मावसभावाची मुलगी, अकरावीत. राहणार शेजारच्या एका तालुक्यात. घरामागे पत्र्याच्या आडोशाची न्हाणी, वर छप्पर नाही. शेजारच्या माडीवरून एका मुलाने मोबाइलवर तिचे चित्रण केले आणि दोन मित्रांना दाखवले. भावाचा मला फोन आला, "भाईजान, काय करू?" मी गेलो. आम्ही दोघे ठाण्यात गेलो. ठाण्याचे नाव सांगत नाही, कारण दोष एका ठाण्याचा नाही. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने पाणी दिले. मग म्हणाला, "अंगाला हात लावलाय का? नाही ना? मग कशाला मुलीचं नाव कागदावर आणता, काका?" भावाने माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मी, कविता लिहिणारा मी. मी म्हणालो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

आम्ही परत आलो. मुलाच्या बापाने दोन थोबाडीत मारल्या, मोबाइल फोडला आणि प्रकरण मिटले असे ठरले. मुलीचे कॉलेज बंद झाले. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

त्या दिवशी कायदा होता. मोबाइलवर चोरून चित्रण करण्याला तीन वर्षांची कैद अडीच वर्षांपासून लागू होती. खासगीपणात घुसखोरीचे कलम तर दीडशे वर्षांचे होते. हवालदाराला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. गुन्हा त्या मुलाने केला, पण शिक्षा तिला आम्ही दिली.

गेल्या ईदला ती घरी आली होती. तिची मुलगी आता चौथीत आहे. शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देताना ती सहज म्हणाली, "चाचा, त्या दिवशी मला कुणी विचारलंच नाही हो, जायचं का ठाण्यात म्हणून." एवढेच म्हणाली आणि आत गेली.

म्हणून श्रोतेहो, आज साध्या चार गोष्टी सांगून थांबतो. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. अशा गुन्ह्यात जबाब स्त्री पोलिसाने घ्यायचा असतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. आणि फिर्याद घ्यायला नकार देणे हाच एक गुन्हा आहे. हे पाठ करा, मुलींना सांगा, मुलांनाही सांगा. आणि घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर पारावरच्या चार जाणत्यांना विचारण्याआधी तिला विचारा. आमच्या घरात ते कुणीच विचारले नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)